सिव्हिलची चार वर्षं कोल्हापुरात: कुठे जीव ओतायचा, कुठे भागवून न्यायचं

सिव्हिलची पोरं अडकतात ती बहुतेक एकाच जागी: दुसऱ्या वर्षी, स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सला (एसओएम). पहिल्या वर्षी मेकॅनिक्स मागच्या पेपरांवर कसंबसं निघालेलं असतं. मग एसओएमला शिअर फोर्स (बीम कापू पाहणारं बल) आणि बेंडिंग मोमेंट (बीम वाकवणारा जोर) यांचे डायग्राम येतात आणि पाठांतर उघडं पडतं. पुढचं स्ट्रक्चरल ॲनालिसिस, आरसीसी (सळई घातलेलं काँक्रीट), स्टील, फाउंडेशन सगळं त्याच विषयावर बेतलेलं, त्यामुळे एक केटी (नापास होऊन मागे पडलेला विषय) राहिली की तिच्यामागून दुसरी येते. म्हणून या लेखात सगळ्या विषयांना सारखी जागा दिलेली नाही. काही विषय दोन ओळींत संपवलेत, ते मुद्दाम.

दुसरी गोष्ट कोल्हापूरची. सिव्हिल शिकायला हे फार सोयीचं गाव आहे आणि नेमकं इथल्याच पोरांच्या ते लक्षात येत नाही. तास-दीड तासाच्या अंतरात दगडी धरण, नदीवरचे बंधारे, जांभ्याची पठारं, काळी माती, पूररेषेत अडकलेल्या वसाहती, साखर कारखाने आणि फाउंड्र्या आहेत. पुस्तकात जे आकृती म्हणून येतं ते इथे मोटरसायकलवर जाऊन बघता येतं. अभ्यासाची माझी पद्धत यावरच उभी आहे: गणित हाताने सोडवायचं, आणि सोडवलेली वस्तू गावात शोधून तिच्यावर आकडे घालून बघायचे.

प्रवेश घेताना

प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या एमएचटी-सीईटीवर, कॅप राउंडमधून (केंद्रीय प्रवेश फेरी) होतो. बारावीला संबंधित विषयांत खुल्या गटाला किमान ४५ टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के लागतात. डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो.

गोकुळ शिरगावचं केआयटी, कसबा बावड्याचं डी. वाय. पाटील, अतिग्रेचं संजय घोडावत विद्यापीठ, वारणानगरचं तात्यासाहेब कोरे हे जिल्ह्यातले नेहमीचे पर्याय. थोडं लांब जायची तयारी असेल तर सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय महाविद्यालय आणि राजारामनगरचं आरआयटी. ऑप्शन फॉर्म भरताना मागच्या वर्षीचे कटऑफ बघा आणि यादी आवडीच्या क्रमाने लावा. 'मिळेल ते आधी' असं करून यादी उलटी लावणारे नंतर हळहळतात.

कॉलेज बघायला गेलात तर चकाचक सेमिनार हॉलपेक्षा लॅब बघा. कॉम्प्रेशन टेस्टिंग मशीनजवळ फुटलेल्या काँक्रीट क्यूबचे तुकडे पडलेत का, टोटल स्टेशनच्या (सर्व्हेचं उपकरण) पेटीवर धूळ आहे की माती, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं. लॅब असिस्टंटला विचारा, 'शेवटचा क्यूब कधी फोडला?' उत्तर द्यायला त्याला विचार करावा लागला, तर काय समजायचं ते समजा.

फीचं म्हणाल तर महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे अर्ज वेळेत भरा. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून झाला असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. २०२४-२५ पासून याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मे महिन्यातच काढून ठेवा, जूनमध्ये तिथे रांगा लागतात. आणि प्रवेश व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही सवलत धरून चालू नका.

पहिलं वर्ष: फ्री बॉडी डायग्राम, आणि मग बाकीचं

मेकॅनिक्समध्ये एकच सवय लावायची आहे. गणित वाचलं की सूत्र शोधायचं नाही. वस्तू आधी आधारापासून सुटी काढायची, तिच्यावरचे सगळे भार आणि प्रतिक्रिया बाणांनी दाखवायच्या, आणि मगच समीकरणं लिहायची: आडव्या बलांची बेरीज शून्य, उभ्या बलांची बेरीज शून्य, कुठल्याही एका बिंदूभोवती मोमेंटची (बल गुणिले अंतर) बेरीज शून्य. या तीन ओळींवर तुम्हाला पुढची चार वर्षं काढायची आहेत. रोज तीन गणितं, डायग्राम पट्टीने काढून, उत्तर न बघता सोडवा. उत्तर चुकलं तर चूक डायग्राममध्ये आहे की आकडेमोडीत, ते शोधून वहीत लाल पेनने लिहा. बहुतेकांची चूक डायग्राममध्येच निघते: रोलरला (सरकता आधार) आडवी प्रतिक्रिया दाखवलेली असते, नाहीतर दोरीचा ताण उलट्या दिशेला.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीची धास्ती घेऊ नये. समजून मराठीत घ्या, शेजारच्याला मराठीतच समजावून सांगा, पेपरात मात्र पहिल्या युनिट टेस्टपासून इंग्रजीत लिहा. सिव्हिलच्या उत्तरात निम्मं काम आकृतीच करते.

गणितात इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन आणि मॅट्रिक्स पक्कं करा. बाकीचं पास होण्यापुरतं चालेल. डिप्लोमावाल्यांनी दुसऱ्या वर्षाआधीच्या सुट्टीत हे तीन भाग करूनच यावं. सर्व्हे आणि साइटवर ते वर्गातल्या इतरांपेक्षा पुढे असतात, पण डिफ्लेक्शनच्या (बीम किती खाली वाकतो त्याच्या) गणितात इंटिग्रेशन आलं की मागे पडतात. केमिस्ट्री, इलेक्ट्रिकल, कम्युनिकेशन स्किल्सचे मागचे पाच-सहा पेपर सोडवा आणि सोडून द्या.

दुसरं वर्ष: एसओएमला सकाळ द्या

डोकं ताजं असतं तो वेळ एसओएमचा. रात्री जेवून बसलात तर बेंडिंग मोमेंट डायग्राम वाकडाच येतो.

साध्या बीमपासून सुरुवात करा. ४ मीटरचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर), दोन्ही टोकांना साधा आधार, मीटरला २० किलोन्यूटन भार. प्रतिक्रिया प्रत्येकी ४० किलोन्यूटन. मधोमध मोमेंट म्हणजे भार गुणिले गाळ्याचा वर्ग भागिले ८, म्हणजे ४० किलोन्यूटन-मीटर. आता भार तोच ठेवून गाळा ६ मीटर करा. मोमेंट ९० होतो. गाळा दीडपट झाला, मोमेंट सव्वादोन पट. डिफ्लेक्शन गाळ्याच्या चौथ्या घातात वाढतं, म्हणजे पाच पटीहून थोडं जास्त. हॉल मोठा हवा म्हणून मधला कॉलम काढायला सांगणाऱ्या घरमालकाला इंजिनिअर का घाबरतो, ते या दोन ओळींत आहे.

आकृतीच्या खाली शिअर फोर्स, त्याखाली बेंडिंग मोमेंट, त्याखाली डिफ्लेक्ट झालेल्या बीमचा ढोबळ आकार: तिन्ही एकाखाली एक, एकाच मापात काढायची सवय ठेवा. शिअर जिथे शून्य, तिथे मोमेंट सर्वांत जास्त, हे मग पाठ करावं लागत नाही. बीमचा कुठला काठ ताणला जातोय तेही दिसतं, आणि सळई त्या काठाला घालायची असते.

इथे एकदा साइटवर जा. राजारामपुरीत, ताराबाई पार्कात, उचगावकडे, कुठेही स्लॅबची सेंट्रिंग चालू असलेलं बांधकाम सापडेल. परवानगी घेऊन, हेल्मेट घालून वर जा आणि गॅलरीची सळई बघा. खोलीच्या मधल्या भागात मुख्य सळई खाली आहे, गॅलरीत मात्र वर. कारण कँटिलिव्हरमध्ये (एकाच टोकाला धरलेल्या भागात) ताण वरच्या काठाला येतो. आता काँक्रीट ओतताना काय होतं ते बघा. घमेली घेऊन माणसं त्याच वरच्या सळईवरून चालतात. चेअर (वरची सळई उचलून धरणारे आधार) कमी असतील तर सळई खाली दबते. स्लॅब १२५ मिलिमीटरचा, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) २०, सळई १० ची धरली तर इफेक्टिव्ह डेप्थ (दाबल्या जाणाऱ्या काठापासून सळईच्या मध्यापर्यंतचं अंतर) १०० मिलिमीटर येते. सळई २५ मिलिमीटर दबली की ती ७५ वर आली. ताकद पाव भागाहून जास्त गेली आणि वरून बघणाऱ्याला काहीच दिसणार नाही. आरसीसी डिझाइनमध्ये या डेप्थचं 'डी' हे अक्षर तिसऱ्या वर्षी शेकडो वेळा लिहाल. ते नेमकं काय आहे ते या स्लॅबवर बघून घ्या.

राजाराम बंधाऱ्यावरचं गणित

फ्लुइड मेकॅनिक्स आणि एसओएम वेगवेगळ्या सेमिस्टरला येतात, वेगवेगळे सर शिकवतात, आणि पोरांच्या डोक्यात ते दोन वेगळे कप्पे होऊन बसतात. ते फोडायला बावड्याचा राजाराम बंधारा चांगला.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून जो देशभर शिकवला जातो तो हाच प्रकार. नदीत दगडी खांब, खांबांमध्ये मोकळे गाळे, आणि त्या गाळ्यांत खाचांत बसवायचे बरगे, म्हणजे आडव्या फळ्या. पावसाळा संपत आला की बरगे घालून पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी काढून ठेवायचे म्हणजे पूर आणि गाळ निघून जातो. पंचगंगेची पातळीही याच बंधाऱ्यावर मोजतात: ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. पावसाळ्यात तिथे जाऊ नका, हिवाळ्यात पाणी अडवलेलं असताना जा.

वहीत असं मांडा. समजा गाळा २ मीटर रुंद आहे, पाण्याची उंची ३ मीटर आहे आणि पलीकडे कोरडं आहे. तळाशी दाब ९.८१ गुणिले ३, म्हणजे चौरस मीटरला २९.४ किलोन्यूटन. वर शून्य, खाली २९.४, म्हणजे दाबाचा आकार त्रिकोणी. मीटर रुंदीला एकूण जोर ४४.१ किलोन्यूटन आणि तो तळापासून १ मीटरवर लागतो. दोन मीटरच्या गाळ्यावर ८८ किलोन्यूटन, साधारण ९ टन. इथपर्यंत फ्लुइड मेकॅनिक्स.

आता बरगा ३०० मिलिमीटर उंचीचा घ्या. सर्वांत खालच्या बरग्याच्या मध्यावर पाण्याची खोली २.८५ मीटर, तिथला दाब २८ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे बरग्याच्या लांबीवर मीटरला ८.४ किलोन्यूटन. दोन टोकांना खाचेत टेकलेला हा बरगा म्हणजे आडवा झोपवलेला साधा बीम. मोमेंट ८.४ गुणिले २ चा वर्ग भागिले ८, म्हणजे ४.२ किलोन्यूटन-मीटर. लाकडाचा परवानगीयोग्य ताण १० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर गृहीत धरला, तर सेक्शन मॉड्युलस (वाकण्याला टक्कर देणारं आकाराचं माप) ४,२०,००० घन मिलिमीटर हवा. आयताचा मॉड्युलस रुंदी गुणिले जाडीचा वर्ग भागिले ६. जाडी साधारण ९२ मिलिमीटर येते. हे झालं एसओएम. सर्वांत वरच्या बरग्यावर याचा एकोणिसावा हिस्सा भार येतो, तेही करून बघा. मग प्रश्न पडेल की तरी सगळे बरगे एकाच जाडीचे का करत असतील? उत्तर पुस्तकात नाही. बरगे बसवणाऱ्या माणसाने अंधारात, पाण्यात उभं राहून कुठला वरचा कुठला खालचा हे शोधत बसायचं का, याचा विचार करा.

असंच राधानगरीचं. भोगावतीवरच्या या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे उघडले की पेपरात बातमी येते, एका दरवाजातून १४२८ क्युसेक विसर्ग. एक क्युसेक म्हणजे ०.०२८३ घन मीटर प्रति सेकंद, म्हणजे दरवाजातून सेकंदाला साधारण ४० घन मीटर पाणी. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. एकाच दरवाजातून ते जायला किती वेळ लागेल? आठ दिवसांच्या थोडं वर. हायड्रॉलॉजीचा पेपर यायच्या आधी क्युसेक, क्युमेक (सेकंदाला एक घन मीटर) आणि टीएमसी तोंडावर असलं पाहिजे. इथल्या शेतकऱ्याच्या तोंडावर ते असतंच, इंजिनिअरला माहीत नसेल तर बरं दिसत नाही.

सर्व्हे: मुद्दा फील्ड बुकचा

ग्रुपमध्ये सहा जण असतात, दोघं काम करतात, चौघं छत्रीखाली बसतात. त्या दोघांत राहा. ऑटो लेव्हल स्वतः लावा, बबल स्वतः मधे आणा, स्टाफ (उभी मोजपट्टी) दुसऱ्याला धरायला द्या आणि वाचन स्वतः घ्या.

बेंचमार्क (पातळी माहीत असलेला बिंदू) १००.००० धरून बॅकसाइट (त्यावरचं पहिलं वाचन) १.४२५ आली, तर दुर्बिणीची उंची १०१.४२५. मधलं वाचन ०.९८०, त्या जागेची पातळी १००.४४५. शेवटचं फोरसाइट २.११०, पातळी ९९.३१५. आता ताळा घ्या: बॅकसाइटची बेरीज वजा फोरसाइटची बेरीज उणे ०.६८५, शेवटची पातळी वजा पहिली पातळी तीही उणे ०.६८५. हा ताळा जागेवर, उपकरण उचलायच्या आधी घ्यायचा. घरी येऊन चूक सापडली तर तिचा उपयोग नाही. आणि वाचन खोडायचं नाही, एक रेघ मारून शेजारी नवीन लिहायचं. खाडाखोड केलेलं फील्ड बुक साइटवर कुणी मान्य करत नाही.

टोटल स्टेशन महिन्याभरात हाताळता येतं. लेव्हल आणि कॉन्टूर डोक्यात बसायला जास्त वेळ लागतो, तो द्या.

काँक्रीट आणि माती

काँक्रीट टेक्नॉलॉजीची थिअरी एका आठवड्यात वाचून होते. लॅब मात्र बुडवू नका. क्यूब १५० मिलिमीटरचा, त्याचं तोंड २२,५०० चौरस मिलिमीटर. एम २५ चा क्यूब २८ दिवसांनी ५६२.५ किलोन्यूटनला फुटला तर बरोबर २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर झाले. एका नमुन्याचे तीन क्यूब, त्यांची सरासरी, आणि त्यातला एखादा सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त लांब गेला तर तो नमुना धरायचा नाही. जर्नलमध्ये तिन्ही आकडे जवळजवळ सारखे लिहिण्याची जी रीत पडली आहे ती सोडा. खरे आकडे वेडेवाकडे असतात, आणि ते का तसे आले यावरच तोंडी परीक्षेत बोलता येतं. मिक्स डिझाइन आयएस १०२६२ या भारतीय मानकाप्रमाणे एकदा संपूर्ण हाताने करा, तेही आपल्याकडच्या क्रश सँडचा (दगड फोडून केलेली वाळू) झोन (कणांच्या मापाचा गट) काढून. नदीची वाळू धरून केलेली जुनी उदाहरणं आता इथल्या साइटला लागू पडत नाहीत.

मातीचा विषय पोरांना कंटाळवाणा वाटतो, कारण लॅबमधला नमुना कुठला ते कुणालाच माहीत नसतं. त्यावर उपाय साधा आहे, आपल्या रानातली माती आणायची. शिरोळ-हातकणंगल्याकडची पोरं काळी माती आणतील, पन्हाळा-शाहूवाडी-राधानगरीकडची जांभ्याची तांबडी. सरांना विचारून दोन्हींची लिक्विड लिमिट (किती पाण्याला माती पातळ होते) आणि प्लास्टिक लिमिट (किती पाण्याला ती वळता येते) एकाच दिवशी काढा. मग फ्री स्वेल टेस्ट लावा: दोन नळ्यांत प्रत्येकी १० ग्रॅम माती, एकीत पाणी, एकीत रॉकेल, २४ तास. रॉकेलमधली माती फुगत नाही, पाण्यातली काळी माती डोळ्यांदेखत वर चढते. काळ्या रानात बांधलेल्या घराच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर का जाते, हे ती नळी बघितलेल्याला परत समजावून सांगावं लागत नाही. पाया मुरमापर्यंत न्या असं गवंडी सांगतो, त्याचं कारणही तेच.

तिसरं वर्ष: कोड वाचायचा कसा

आरसीसीचा आयएस ४५६ हा कोड २००० सालचा, स्टीलसाठी आयएस ८०० २००७ चा. भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून हे उतरवता येतात. पण ४५६ ची छापील प्रत जवळ असू द्या, कारण तो चाळायचा असतो.

पहिल्या पानापासून वाचू नका, झोप येईल. एक साधा वन-वे (एकाच दिशेने भार नेणारा) स्लॅब डिझाइन करायला घ्या आणि लागेल तसं कलम उघडा. डेप्थ ठरवायला २३.२.१: गाळा भागिले डेप्थ कँटिलिव्हरला ७, साध्या आधाराला २०, सलग बीमला २६. कव्हरला २६.४: कॉलमला ४० मिलिमीटर, फूटिंगला (कॉलमखालचा पाया) ५०. स्लॅबमधली किमान सळई २६.५.२.१, एचवायएसडी (जास्त ताकदीच्या) सळईला ०.१२ टक्के. शिअरला तक्ता १९, टू-वे स्लॅबच्या मोमेंटला तक्ता २६. प्रत्येक वेळी त्या पानाला रंगीत चिठ्ठी लावा. स्लॅब, बीम, कॉलम, फूटिंग, जिना असे पाच डिझाइन पुरे केलेत की कोड आपोआप वाचून झालेला असतो.

भूकंपाचा भाग ऑप्शनला टाकू नका. कोयनेचा १९६७ चा भूकंप इथून फार लांब झालेला नाही, आणि आयएस १८९३ च्या २०१६ च्या नकाशात कोल्हापूर झोन ३ मध्ये येतं. आयएस १३९२० मध्ये कॉलमच्या रिंगांचा हूक १३५ अंशांत आत वळवायला सांगितलाय. साइटवर गेलात की बघा किती ठिकाणी तो ९० अंशांतच सोडलेला असतो. फिटरशी वाद घालू नका, तुम्ही शिकायला गेलाय. पण टिपून ठेवा.

एन्व्हायर्न्मेंटल आणि ट्रान्सपोर्टेशन हे मार्क देणारे विषय आहेत. सेमिस्टर संपताना पंधरा दिवस दिले तरी भागतं.

इस्टिमेशन: नोकरी हाच विषय देतो

वर्गात इस्टिमेशनला, म्हणजे खर्चाच्या अंदाजाला, दुय्यम समजतात. इंटरव्ह्यूमध्ये मात्र पहिला प्रश्न इथलाच. सळईचं वजन म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले १६२, किलो प्रति मीटर. १२ मिलिमीटरची ०.८९, १६ ची १.५८. १२ मीटरची १२ एमएम सळई साधारण १०.७ किलो. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घन मीटर. सिमेंटची ५० किलोची पिशवी म्हणजे ३५ लिटर. हे विचारल्याबरोबर सांगता आलं पाहिजे.

सरावाला आपलंच घर घ्या. टेपने मोजा, प्लॅन काढा, पायापासून गच्चीपर्यंत क्वांटिटी काढा आणि सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतले दर लावा. वडिलांना बांधकामाला आलेला खरा खर्च विचारा. दोन आकडे जुळणार नाहीत. तफावत कुठे गेली ते शोधताना जेवढं शिकाल तेवढं वर्गात शिकवत नाहीत.

सॉफ्टवेअरला घाई नको. दुसऱ्या वर्षी ऑटोकॅड, आरसीसी झाल्यावर ईटॅब्स किंवा स्टॅड (इमारतीचं गणित करणारी सॉफ्टवेअर). आधी हाताने एक दोन-मजली फ्रेम सोडवलेली नसेल तर ईटॅब्सने दिलेला मोमेंट बरोबर आहे का चूक, हे सांगणार कोण? मुळातला एक आधार पिनऐवजी फिक्स लागला तरी स्क्रीनवर रंग छानच दिसतात. शहरातल्या क्लासेसची 'शंभर टक्के जॉब'ची पाटी वाचून पन्नास हजार भरण्याआधी कॉलेजच्या लॅबमध्ये तेच सॉफ्टवेअर आहे का ते बघा. बहुतेक वेळा असतं.

सुट्टीतली साइट

तिसऱ्या वर्षानंतरची इंटर्नशिप ओळखीच्या बिल्डरकडून फक्त सर्टिफिकेट आणून उरकू नका. लहान कंत्राटदाराकडे, चालू साइटवर सकाळी आठला जा. मोठ्या कंपनीत तुम्हाला एक्सेल भरायला बसवतील. लहान साइटवर लाइन-आउट (जागेवरची आखणी), खोदाई, पीसीसी (पायाखालचं साधं काँक्रीट), फूटिंग सगळं महिन्याभरात दिसतं. सेंट्रिंगवाल्या मामांना, फिटरला, गवंड्याला प्रश्न विचारा. आदराने विचारलंत तर चहा पाजून सांगतात. ओळंबा कसा धरायचा, गुण्या कसा तपासायचा, लेव्हल ट्यूबमधला हवेचा बुडबुडा कसा काढायचा, हे हाताने करून बघा.

रोज संध्याकाळी डायरी लिहा: तारीख, कुठलं काम, किती माणसं, किती माल, काय अडलं. काँक्रीट ओतण्याच्या दिवशी मिक्सरमध्ये वरून पाणी कोण आणि का घालतंय तेही लिहा. हीच डायरी पुढे इंटरव्ह्यूच्या टेबलावर ठेवता येते.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट

तयार प्रोजेक्ट विकत मिळतात, सगळ्यांना माहीत आहे, परीक्षकालाही. इथे विषयांची कमतरता नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत वापरून टाकलेली वाळू काँक्रीटमध्ये किती टक्के चालते? साखर कारखान्याच्या बॉयलरमधली बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख सिमेंटच्या जागी घालून काय होतं? महापुरात पाण्यात राहिलेल्या घरांच्या भिंतींना कुठे आणि कशा चिरा गेल्या? आपल्या गावच्या पाणीपुरवठ्याच्या टाकीची क्षमता आजच्या लोकसंख्येला पुरते का? विषय लहान ठेवा. नऊ क्यूबवर निष्कर्ष काढण्यापेक्षा एकाच प्रमाणाचे भरपूर क्यूब फोडलेले बरे. ग्रुपमध्ये क्युरिंगच्या टाकीवर लक्ष ठेवायला एकाचं नाव ठरवून ठेवा, दिवाळीच्या सुट्टीत टाकी हमखास आटते.

परीक्षा आणि पुढचं

ऑटोनॉमस (स्वतःची परीक्षा स्वतः घेणाऱ्या) कॉलेजात मार्क वर्षभर विखुरलेले असतात, त्यामुळे शेवटच्या महिन्यात उठून पास होण्याची जुनी चाल आता कमी चालते. युनिट टेस्टच्या आदल्या रविवारी त्या युनिटची गणितं संपवा. पेपरात गणित अर्धवट राहिलं तरी आकृती, दिलेली माहिती, सूत्र आणि एकक लिहा, पायऱ्यांना मार्क असतात. केटी राहिलीच तर पुढच्याच संधीला काढा, आणि एसओएमची असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून.

सरकारी नोकरीचं डोक्यात असेल तर जलसंपदा, सार्वजनिक बांधकाम आणि जिल्हा परिषदेच्या कनिष्ठ अभियंता भरत्या, त्यावर एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा. सगळ्यांचा गाभा एकच: एसओएम, आरसीसी, सॉइल, फ्लुइड, सर्व्हे. म्हणून गेटची (पदव्युत्तर प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा) तयारी कुणाचीच वाया जात नाही. गेटला ६५ प्रश्न, १०० मार्क, ३ तास, त्यातले १५ मार्क जनरल ॲप्टिट्यूडचे. स्कोअर तीन वर्षं चालतो आणि तिसऱ्या वर्षात असतानाही परीक्षेला बसता येतं. बसा. पहिल्या वेळी मार्क कमी पडतील, पण कुठल्या विषयाला पुन्हा हात घालायचा ते फेब्रुवारीतच कळेल आणि शेवटच्या वर्षाची सुट्टी हातात राहील. त्या परीक्षेत स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही, स्क्रीनवरचा वापरावा लागतो, तर निदान महिनाभर त्यावर सराव करून जा.